विसर्जन झालं की साबण घालायला घ्या

अनंत चतुर्दशीपासून दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत ४४-४५ दिवस असतात. घटस्थापनेपासून मोजलं तर २८, दसऱ्यापासून जेमतेम १८-१९. (२०२० सालासारखा मध्येच अधिक अश्विन आला तर महिनाभर जास्तीचा मिळतो, पण ते रोज रोज नाही.) घरी केलेला साबण दिवाळीत भेट द्यायचा विचार असेल, तर तेलाचे भाव बघण्याआधी हे आकडे बघा. कारण तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण मुरायला चार ते सहा आठवडे घेतो, आणि त्याला कितीही घाई केली तरी तो ऐकत नाही.

म्हणून मी पितृपक्षात साबण घालते. बाजारात गर्दी नसते, घरात नवं काही चाललेलं नसतं, संध्याकाळी मोकळ्या असतात. साबणाला त्या पंधरवड्याचं काही वावडं नाही. ‘साबण घालते’ हे मी लोणच्यावरून म्हणायला लागले आणि ते बरोबर बसलं. घालायला दोन तास, मुरायला दीड महिना, आणि मधे कुणी बरणीत बोट घालायचं नाही.

ठाण्यात, नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या घरात, ओट्यावर जे जमतं तेवढंच इथे सांगते. दसरा उलटल्यावर ज्यांना जाग येते त्यांच्यासाठी शेवटी एक सोपी वाटही आहे.

आधी सोड्याबद्दल

साबण शिकवायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो: “कॉस्टिक सोडा? त्याने कातडी नाही का जळणार?” सोडा जळवतोच. पण साबण झाल्यावर तो सोडा राहत नाही. तेलाशी संयोग होऊन त्याचा साबण आणि ग्लिसरीन होतं. माप नीट असेल तर शेवटी सोडा उरत नाही, उलट थोडं तेलच उरतं. सोड्याशिवाय वडीचा साबण होत नाही. बाजारात ‘बिनासोड्याचा साबण’ म्हणून जो सोप बेस (वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) मिळतो, त्यातलं सोड्याचं काम कुणीतरी कारखान्यात आधीच उरकलेलं असतं.

दुकानात मागताना नीट मागा. खायचा सोडा वेगळा, धुण्याचा सोडा वेगळा आणि हा कॉस्टिक वेगळा. पापडीसारखा किंवा साबुदाण्यासारखा दाणेदार मिळतो. पाकिटावर शुद्धता ९८ टक्के किंवा जास्त लिहिलेली हवी. तुंबलेलं बेसिन मोकळं करायची पावडर आणू नका, तिच्यात काय काय मिसळलेलं असतं ते साबणात नको. आणि घरी आणल्यावर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. ठाण्याच्या सप्टेंबरच्या हवेत सोडा उघडा राहिला तर अर्ध्या तासात घामेजतो. ओल धरलेला सोडा वजनाला खोटा निघतो आणि सगळा हिशोब बिघडतो.

बाकीची खरेदी

जांभळी नाक्याला एक फेरी मारली की निम्मं काम होतं. तेलं, एरंडेल, उटण्याच्या वनस्पती, बटर पेपर, रिकामे डबे. सुगंधाची तेलं आणि सिलिकॉनचे साचे मी मस्जिद बंदर-क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आणते. ऑनलाइनही सगळं मिळतं. खोबरेल साधं घ्या, डोक्याला लावायचं सुगंधी नको. ऑलिव्ह तेल महागातलं सॅलडचं नको, पोमेस म्हणून जे स्वस्तातलं मिळतं ते उत्तम.

हात जिच्यावर आखडता घेऊ नये ती वस्तू म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हवाच. वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही, ‘अंदाजे’ तर अजिबात नाही. माझ्या दुसऱ्या घाण्याच्या वेळी काट्याचा सेल उतरलेला होता आणि मला कळलं नाही. वड्या पांढऱ्याफटक झाल्या, कापताना खडूसारख्या तुटल्या. अख्खा घाणा टाकावा लागला. तेव्हापासून काटा लावला की आधी नवं पाच रुपयांचं नाणं ठेवून बघते, रोजच्याइतकंच वजन दाखवतोय ना म्हणून.

भांडी स्टीलची. ॲल्युमिनियम आणि हिंडालियम ओट्यावरूनही बाजूला करा. सोडा ॲल्युमिनियम खातो, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि पातेलं काळं पडतं. आपल्या घरात निम्मे टोप त्याच धातूचे असतात, म्हणून एवढं बजावते. स्टीलची दोन पातेली, एक जाड प्लास्टिकचा मग आणि सिलिकॉनचा एक उलथना साबणासाठी कायमचे वेगळे काढा, त्यावर खूण करा, पुन्हा स्वयंपाकात नको. हँड ब्लेंडर लागतो. रवीनेही होतं म्हणतात. मी एकदा प्रयत्न केला, पाऊण तास घुसळून खांदा गेला आणि साबण ताकासारखाच राहिला.

याशिवाय डोळ्यांचा बंद चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट. नंबरचा चष्मा म्हणजे सुरक्षेचा चष्मा नव्हे.

पहिल्या घाण्याचं माप

खोबरेल २०० ग्रॅम
ऑलिव्ह पोमेस तेल २७५ ग्रॅम
एरंडेल २५ ग्रॅम
कॉस्टिक सोडा ७२ ग्रॅम
पाणी १६० ग्रॅम (फिल्टरचं, फ्रीजमधलं थंड)

यात सात-आठ वड्या होतात. तेलं वजनावर घ्यायची, मिलिलिटरवर नाही.

हे आकडे कुठून आले ते समजून घ्या, म्हणजे पुढे स्वतःचं माप ठरवता येईल. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक ठरलेली असते. एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्हला ०.१३४, एरंडेलाला ०.१२८. आपापल्या वजनाने गुणून बेरीज केली की ७६.६ ग्रॅम येतात. एवढा सोडा घातला तर सगळं तेल संपेल. आपण मुद्दाम सहा टक्के कमी घालतो, म्हणजे ७२. ते उरलेलं तेल त्वचेसाठी आणि मापातल्या बारीक चुकांसाठी. म्हणूनच “ऑलिव्ह नाही मिळालं, त्याऐवजी खोबरेलच वाढवलं” असं परस्पर करू नका, तेल बदललं की सोडा बदलतो. इंटरनेटवर याचे तयार हिशोबयंत्र फुकट मिळतात. तेलं टाका, सोडा सांगतात. दोन वेगवेगळ्या ठिकाणी पडताळून घ्या.

खोबरेलाने फेस आणि कडकपणा येतो, ऑलिव्हने मऊपणा, एरंडेलाने फेस टिकतो. घोडबंदर रोडकडे जिथे टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी येतं, तिथल्या मैत्रिणींसाठी मी खोबरेल थोडं वाढवते, कारण जड पाण्यातही त्याचा फेस होतो. पण फार वाढवलं तर कातडी ओढल्यासारखी होते. ४० टक्क्यांवरून सुरुवात करा.

घालण्याचा दिवस

मुलं शाळेत, मांजर बाहेर, फोन सायलेंटवर. घरात कुणी मोकळं हिंडत असेल तर त्या दिवशी करू नका. खिडक्या उघडा, पंखा मात्र सोडा मोजून होईपर्यंत बंद, नाहीतर दाणे उडतात.

थंड पाणी स्टीलच्या पातेल्यात घ्या. पातेलं बेसिनमध्ये किंवा गॅलरीत ठेवा. आता सोडा थोडा थोडा पाण्यात सोडत ढवळा. पाण्यात सोडा. सोड्यावर पाणी कधीही नाही, ते उसळून अंगावर येतं. विरघळताना पाणी आपोआप ८०-९० अंशांपर्यंत तापतं, गॅस न लावता. वाफ नाकात जाते, तेव्हा तोंड बाजूला. दोन-तीन मिनिटांत गढूळ पाणी नितळ होतं, आणि खरा धोका इथून सुरू होतो, कारण आता ते अगदी पिण्याच्या पाण्यासारखं दिसतं. तांब्यात, ग्लासात, पाण्याच्या बाटलीत ते एक मिनिटही ठेवू नका. मी पातेल्यावर लाल पेनाने ‘विष’ लिहिलेला कागद चिकटवते. सासूबाईंना ते आवडत नाही, पण चिकटवते.

हातावर थेंब उडाला तर लगेच नळाखाली, पंधरा-वीस मिनिटं धार. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू चोळू नका. डोळ्यात गेला तर धुवत धुवतच डॉक्टर गाठा. पोटात गेला तर उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल.

सोड्याचं पाणी निवेपर्यंत तेलं एकत्र करा. खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं, पण आपल्याकडे त्या दिवसांत ते पातळच असतं, तेव्हा फार तर कोमट करायचं. दोन्ही ३५ ते ४५ अंशांच्या मधे आली की जोडी जमते. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला बाहेरून हात लावा, दोन्ही आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट लागली पाहिजेत. फ्रीजचं पाणी घेतलं तरी इथे तासभर लागतो. त्या तासात साच्याला बटर पेपर लावून घ्या.

मग सोड्याचं पाणी गाळणीतून तेलात ओता. ब्लेंडर आधी बंद ठेवूनच पातेल्यात बुडवा, तळाशी आपटून हवा काढा, पाच-सात सेकंद फिरवा, मग बंद करून त्याच दांड्याने ढवळा. पुन्हा फिरवा. हळूहळू मिश्रण फिकट आणि दाट व्हायला लागतं. ब्लेंडर उचलून थेंबांची रेघ पाडली आणि ती क्षणभर वर टिकली, की ‘ट्रेस’ आला. घावनाच्या पिठाइतकं दाट म्हणजे सुरुवातीचा ट्रेस, श्रीखंडाइतकं म्हणजे उशीर झाला. नवशिक्यांनी घावनाच्या पिठाला थांबावं. सुगंध आणि उटणं आता घालायचं, हाताने ढवळून, ब्लेंडरने नाही.

उटण्याचा साबण, आणि हळदीची गंमत

दिवाळीची भेट म्हणजे उटणं आलंच. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, असं जे तुमच्या घरात चालतं ते. पण साबणात एवढ्या मापाला एक लहान चमचाच, आणि तेही वस्त्रगाळ. जाडंभरडं राहिलं तर अंग खरवडतं. आधी चमचाभर तेलात कालवून घ्या म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

हळदीचं मात्र वेगळं आहे. पहिल्यांदा मी पिवळाधमक साबण होईल म्हणून हळद घातली आणि मिश्रण डोळ्यांदेखत लालसर झालं. मी घाबरले. मग आठवलं, पांढऱ्या शर्टावर भाजी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो तो हाच प्रकार. कुंकूही हळदीला चुना लावून असंच करायचे. क्षारात हळद लाल होते. मुरता मुरता तो रंग निवळून फिकट केशरी-पिवळा होतो. चिमूटभरच घाला, नाहीतर पाहुण्यांचे टॉवेल पिवळे.

गुलाबाच्या पाकळ्या आत घालू नका, महिन्याभरात झुरळासारख्या तपकिरी दिसतात. कडुलिंबाची पूड सुरुवातीला हिरवी आणि नंतर मातकट होते. रंग हवा असेल तर मंजिष्ठेने गुलाबी येतो आणि रतनजोत तेलात भिजवून घेतली तर जांभळा. दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात.

सुगंधाचं तेल ५०० ग्रॅम तेलांना १५ ग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त नाही. गवती चहाचं असेल तर त्याच्या निम्मं, ते काहींच्या अंगावर खाज आणतं. वाळा आणि लॅव्हेंडर बिनतक्रार वागतात. मोगरा, निशिगंध अशा फुलांच्या सुगंधांपासून पहिल्या वर्षी लांब राहा. ते पडताच मिश्रण क्षणात दगड होतं. माझा एक ब्लेंडर असाच साबणात रोवलेला उभा राहिला होता, दिवाळीच्या झेंड्यासारखा. मध आणि दूधही पुढच्या वर्षी. साखरेमुळे साचा आतून तापतो आणि आपल्याकडच्या उकाड्यात वर चिरतो.

साच्यात, आणि साच्याबाहेर

सिलिकॉनचा ब्रेडचा साचा असेल तर छान. नसेल तर अर्धा किलोचे श्रीखंडाचे दोन रिकामे डबे आहेतच. ओतून झाल्यावर साचा ओट्यावर दोनदा आपटा आणि वर प्लास्टिकची फिल्म लावा. न लावल्यास वर पांढरी पूड धरते. ती निरुपद्रवी असते, पण भेटीच्या साबणावर बरी दिसत नाही. भांडी लगेच घासायचा हट्ट करू नका. दुसऱ्या दिवसापर्यंत आत चिकटलेल्याचाच साबण झालेला असतो, भांडी स्वतःच स्वतःला धुतात.

२४ ते ४८ तासांनी, चीजसारखा घट्ट झाला की काढा. डब्यातून निघत नसेल तर दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा आणि उलटा करून दाबा. हातमोजे घालूनच कापा, अजून तो कच्चा आहे. वड्या बोटभर जाडीच्या.

आता मुरवणं. पुस्तकातले सहा आठवडे कोरड्या हवेच्या देशांतले असतात. आपल्याकडे परतीचा पाऊस सप्टेंबरअखेर हमखास झोडपतो आणि त्या दिवसांत साबण वाळण्याऐवजी घाम गाळतो, कारण आतलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. बाथरूमजवळ किंवा खाडीकडच्या खिडकीत ठेवू नका. मी बांबूच्या सुपात बटर पेपर घालून, वड्यांमधे बोटभर अंतर ठेवून, कपाटावर ठेवते. पंखा सावकाश चालू. पुढे ऑक्टोबरचं ऊन तापतं ते साबणाला मानवतं, पण थेट उन्हात नाही. दर रविवारी वड्या उलटायच्या. लोखंडी जाळी टाळा, गंज आणि ओल मिळून तेलाला खवट करतात आणि नारिंगी ठिपके उठतात.

मुरला की नाही हे कॅलेंडरपेक्षा काटा चांगलं सांगतो. एका वडीवर खूण करून दर आठवड्याला तिचं वजन लिहा. सुरुवातीला भराभर उतरतं, मग मंदावतं. लागोपाठ दोन आठवडे फारसा फरक पडला नाही की साबण तयार. चार आठवड्यांनी आणखी एक तपासणी: ओलं बोट वडीवर घासून जिभेच्या टोकाला लावा. साबणाची चव लागली तर ठीक. लहानपणी जिभेला सेल लावल्यावर बसायचा तसा झटका बसला तर सोडा शिल्लक आहे. आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. तरीही झटका असेल तर तो घाणा कुणालाही देऊ नका.

दसऱ्यानंतर जाग आली तर

सोप बेसचा एक किलोचा ठोकळा आणा. बारीक तुकडे करा, पातेल्यात पातेलं ठेवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने वितळवा. उकळू देऊ नका, फेस होतो आणि वास येतो. थोडा निवला की किलोला २० ग्रॅमपर्यंत सुगंध आणि चमचाभर उटणं घालून ढवळत राहा, पातळ असताना ओतलं तर उटणं तळाशी बसतं. साच्यात ओतून वर सर्जिकल स्पिरिटचा फवारा मारला की बुडबुडे जातात. तेव्हा गॅस बंद हवा, स्पिरिट पेट घेतं. तीन-चार तासांत वड्या निघतात.

याला मुरवायचं नाही, उलट निघाल्या निघाल्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायचं. उघडा ठेवला तर रात्रीत दवासारखे थेंब येतात. मुलांना हाताशी घेऊन करायचा तर हाच करा.

बांधणं आणि वाटणं

मुरलेल्या साबणाला श्वास घेता यायला हवा. कागद किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा पुरे. मी काठाची पट्टी गुंडाळते आणि सुतळीने बांधते. सोबत एक पणती आणि उटण्याची पुडी ठेवली की नरक चतुर्दशीचा संच होतो. चिठ्ठीवर काय काय घातलंय ते सगळं लिहा, बदाम तेल घातलं असेल तर ठळक, कुणाला त्याची ॲलर्जी असू शकते. कधी घातला ती तारीखही लिहा. तान्ह्या बाळाच्या घरी देत असाल तर ‘मोठ्यांसाठी’ असं सांगून द्या. आणि वापरून झाल्यावर भोकाच्या साबणदाणीत ठेवायला सांगा, पाण्यात बसलेला साबण आठवड्यात लगदा होतो.

भेट द्यायला परवानगी लागत नाही. पण राम मारुती रोडवर दिवाळीत टेबल मांडून विकायचं मनात आलं, तर साबण हे सौंदर्यप्रसाधन ठरतं आणि ते विक्रीसाठी बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. “सोसायटीतल्या सोसायटीत तर विकतेय” म्हणून त्यातून सुटका होत नाही.

चिठ्ठीवर ‘साबण’ हा शब्द मात्र सगळ्यांत मोठ्या अक्षरात हवा. बोटभर जाड, केशरी-पिवळी, कडेला थोडी भुसभुशीत, बटर पेपरात बांधलेली चौकोनी वडी दिवाळीच्या दिवशी फराळाच्या ताटाबरोबर दारात आली तर माणूस तिला काय समजेल? आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी म्हैसूरपाक समजून चांगला मोठा घास घेतला होता. त्यांनी चूळ भरत फोन केला आणि विचारलं, “तूप कोणतं वापरलंस गं?”